घरातल्या वस्तूंची वजने करून शक्तिव्यायाम कसा सुरू करावा?

प्रश्न (कोथरूडहून)

नमस्कार. माझे वय ४६ असून मी सकाळी नियमितपणे वेताळ टेकडीवर चालायला जाते. नुकत्याच झालेल्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की चालण्याने दमसास वाढतो हे खरे, परंतु स्नायू आणि हाडे यांच्यासाठी वजन उचलण्याचा व्यायाम वेगळा करावा लागेल. जिमच्या वेळा माझ्या नोकरीशी आणि मुलीच्या क्लासशी जुळत नाहीत, म्हणून घरातल्याच वस्तू वापरून सुरुवात करावी असा विचार आहे. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करून पाहिले, पण त्याने काही साधले असे वाटत नाही.

कोणत्या वस्तू सुरक्षितपणे वापरता येतील? पाण्याच्या बादल्या, किराणा, गव्हाचा डबा हे सारे मी उचलतेच, मग तो व्यायाम का धरला जात नाही? उठाबशा काढताना उजवा गुडघा कुरकुरतो, तो थांबण्याचा इशारा समजावा का? सासूबाईंचे वय ७१ आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्यांनाही माझ्याबरोबर करायचे आहे. शेवटची शंका विचारताना संकोच वाटतो, पण मैत्रिणी वारंवार म्हणतात म्हणून विचारते : याने दंड पुरुषांसारखे दिसू लागतात का?

उत्तर १ (सदाशिव पेठेतून, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट)

संकोचाच्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण अनेक जणी त्याच भीतीने सुरुवात करत नाहीत. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारे संप्रेरक, पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा घरगुती वजने उचलून दंड फुगत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात क्लीन अँड जर्क प्रकारात ११५ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक, उचलून रौप्यपदक मिळवले. तिची अंगकाठी आठवून पाहावी.

घरकामाविषयीचा प्रश्न रास्त आहे. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो, आणि ते ओझे खरेच असते. पण ती बादली दहा वर्षांपूर्वीही १५ किलोचीच होती. शरीराने तिच्याशी केव्हाच जुळवून घेतले आहे आणि आणखी बळ कमावण्याचे त्याला कारण उरलेले नाही. शिवाय आपण ती बहुधा त्याच हाताने, घाईत आणि पाठ वाकवून उचलतो. वजन मोजलेले असावे आणि ते हळूहळू वाढत जावे, एवढ्या दोन अटी पाळल्या की तांदळाची पिशवी आणि दुकानातले डंबेल यांतला फरक स्नायूंना कळत नाही.

आपल्या बाटल्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या होत्या. कामावर नेण्याची पर्स त्याहून जड भरते. दुसरे असे की, मुठीत मावणारी वस्तू शोधली की व्यायाम आपोआप हातांचाच होतो, आणि मांड्या, नितंब व पाठ हे मोठे स्नायू तसेच राहतात. म्हणून सुरुवात पायांपासून करावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर मनात तीन आकडे मोजत सावकाश बसावे आणि हातांचा आधार न घेता उठावे. हे सलग बारा वेळा सहज जमू लागले की भरलेली सॅक छातीशी कवटाळून तेच करावे. गुडघ्याचा नुसता आवाज, त्यात वेदना नसेल तर, सहसा निरुपद्रवी असतो. मात्र दुखणे, सूज किंवा गुडघा अडकणे यांपैकी काही असेल तर आधी तपासून घ्यावे.

दुसरी हालचाल कमरेतून वाकण्याची, आणि ती शिकायला थोडा वेळ द्यावा. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभे राहावे, गुडघे किंचित सैल सोडावेत आणि पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवावेत. हातातली पिशवी मांड्यांना घासूनच खाली जावी. ताण मांडीच्या मागच्या बाजूस जाणवला तर हालचाल बरोबर आहे. कमरेत जाणवला तर पाठ गोल झाली आहे. याखेरीज ओट्यावर हात टेकून जोर आणि एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढणे, एवढे पुरे. प्रत्येकी आठ ते बारा आवर्तनांचे दोन सेट करावेत. शेवटची दोन आवर्तने जड गेली पाहिजेत. ती सोपी होताच वजन वाढवावे.

उत्तर २ (कर्वेनगरहून)

वस्तूंविषयी लिहितो, कारण आमच्या घरी पत्नीसाठी हा खटाटोप मीच केला. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन सर्वांत सोयीचा. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने अशा भरलेल्या कॅनवर ४.५५ किलो छापलेले असते. त्यातच पाणी भरले की पाच किलो होते. कॅन काठोकाठ भरावा, कारण अर्धवट भरलेल्या कॅनमधले पाणी हिंदकळते आणि मनगटाला झटका बसतो. मूठ बारीक असल्याने बोटांना काचते, तिथे जुन्या पंचाची पट्टी घट्ट गुंडाळावी. पाण्याऐवजी कोरडी वाळू भरली तर त्याच आकारात साधारण दीडपट वजन मिळते. (कोथरूडमध्ये इमारतींचा पुनर्विकास सुरू नाही अशी गल्ली सापडणे कठीण, तेव्हा विचारून दोन घमेली क्रश सँड मिळायला हरकत नसावी.) सॅकमध्ये एकेक किलोची तांदळाची किंवा साखरेची बंद पाकिटे ठेवावीत, म्हणजे वजन किलोकिलोने वाढवता येते; ती टॉवेलमध्ये घट्ट बसवावीत.

प्लॅस्टिकच्या बादलीची कडी कानातून निसटते, म्हणून ती वापरू नये. डोक्यावर नेण्याच्या व्यायामाला कापडी पिशवीही नको. वजन नक्की कळावे यासाठी सामान तोलायचा लहान ताणकाटा घ्यावा, तो बोहरी आळीत मिळून जाईल.

उत्तर ३ (नारायण पेठेतून)

कॅन आणि सॅक यांची एवढी उठाठेव कशासाठी, हे मला समजत नाही. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळ या व्यायामसंस्थेच्या पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका यांवर शरीरे घडली. एक सतरंजी पुरेशी आहे.

उत्तर ४ (सदाशिव पेठेतून, पुन्हा)

नारायण पेठेतल्या काकांशी माझे भांडण नाही. जोर आणि बैठका मी वर सांगितल्याच आहेत, फक्त ओट्याची आणि खुर्चीची मदत घेऊन. परंतु सूर्यनमस्कारात ढकलणे आहे, वाकणे आहे, ओढणे मात्र कुठेच नाही. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या बाईच्या पाठीच्या वरच्या भागाला नेमके तेच हवे असते. आणि सरावलेल्या मांड्यांना नमस्कारांची संख्या वाढवून दम मिळतो. बळासाठी ओझेच वाढवावे लागते.

सासूबाईंनी आपल्या डॉक्टरांना विचारून, रक्तदाब आटोक्यात असल्याची खात्री करून मगच सुरुवात करावी. उचलताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून जोर लावताना तोंडाने श्वास सोडावा. मोठ्याने आकडे मोजले तरी श्वास अडत नाही. त्यांच्यासाठी खुर्चीवरून उठणे, ओटा धरून टाचा उचलणे आणि ओट्यालगत एका पायावर उभे राहणे एवढे पहिले काही आठवडे पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे, तर पासष्टीनंतर तोल आणि बळ या दोन्हींवर भर देणारा व्यायाम किमान तीन दिवस. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले असेल तर वजन घेऊन पुढे वाकणे आणि कंबर पिळणे टाळावे.

आणखी एक, जे सहसा कुणी विचारत नाही : वजन उचलताना लघवीचे थेंब गळत असतील किंवा ओटीपोटात खाली काही उतरल्यासारखे वाटत असेल, तर वजन कमी करावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाळंतपणानंतरचे ते चालायचेच, असे समजून सोडून देऊ नये.

उत्तर ५ (सहकारनगरहून)

आहाराचे कुणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. तीस ग्रॅम तूरडाळीतून साधारण साडेसहा ग्रॅम मिळतात. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत तेवढी तरी डाळ असते का, हे ज्याचे त्याने पाहावे. उसळ, दही, अंडे किंवा पनीर यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात असावे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. एकच विचारायचे राहिले : टेकडी रोजची आहे, तर त्याच दिवशी हा व्यायाम केला तर चालेल का?

उत्तर ६ (सदाशिव पेठेतून)

चालेल. सकाळी टेकडी आणि संध्याकाळी वजने असे करावे. फक्त शक्तिव्यायामाच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील आणि टेकडी उतरताना ते जास्त जाणवेल. ते दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात टोचल्यासारखे दुखले तर मात्र त्या हालचालीचे वजन काढून टाकावे आणि बाकीचे चालू ठेवावे.