दोन तासांच्या डेमोवर गेमचा निकाल लावायचा का?

जुना_कंट्रोलर
डेमो (गेमचा आधी खेळून बघायला दिलेला छोटा भाग) आला की त्याच रात्री निकाल जाहीर: 'वर्षातला सर्वोत्तम' नाहीतर 'कचरा'. माझं म्हणणं एवढंच, की डेमोतून गेम हाताला कसा लागतो ते कळतं. बाकीचं आपण मनाने भरतो.

जुनं उदाहरण देतो. २००१ साली 'झोन ऑफ द एंडर्स'बरोबर 'मेटल गिअर सॉलिड २'च्या डेमोची डिस्क मिळायची. कित्येकांनी त्या डिस्कपायीच तो गेम घेतला. पावसात झोडपलेलं जहाज, मालिकेचा नायक स्नेक, गोळी लागली की फुटणाऱ्या बाटल्या. वर्षाच्या शेवटी गेम आला तेव्हा जहाजाचा भाग संपताच स्नेक बाजूला आणि पुढे रायडन नावाचं भलतंच पोरगं! डेमोत काहीही खोटं नव्हतं, तरी लोक फसले.

शंकासुर
साफ असहमत. स्नेकला पुढे करून रायडनला लपवलं ते ट्रेलरमध्येसुद्धा. दोष डेमोच्या माथी का?

ट्रेलरमध्ये कॅमेरा कुठे फिरणार ते विकणारा ठरवतो. डेमोत मी ठरवतो. मी तर आधी भिंतीला नाक लावून उभा राहतो, टेक्श्चर (पृष्ठभागावरचं बारीक चित्र) उशिरा उमटतंय का बघायला. मग गर्दीच्या जागी गरकन वळून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) ढासळतो का ते. आणि वार अर्धा झालेला असताना डॉज (झटकन बाजूला व्हायचं बटण) दाबतो. पात्र लगेच निसटतं, की आधी तलवार पूर्ण फिरवतं आणि मग हलतं? तुम्ही ज्याला 'हाताला लागणं' म्हणून बाजूला सारताय ना, ॲक्शन गेममध्ये अर्धा गेम तोच असतो.

रात्रपाळी
धागाकर्त्याच्या बाजूने. 'फायनल फँटसी १६'चा डेमो जून २०२३ मध्ये, गेम येण्याच्या दहा दिवस आधी आला. प्रस्तावनेचे दोनेक तास आणि सेव्ह (खेळ जिथवर आला त्याची नोंद) थेट मुख्य गेममध्ये नेता येणार. किल्ला, बाप-लेक, दगाफटका, राक्षसी आकाराची मारामारी... मी डेमो संपला त्याच रात्री ऑर्डर देऊन टाकली. पुढे गेममध्ये काय? तळावरच्या लोकांना जेवणाच्या थाळ्या नेऊन दे! असली उपकामं डेमोत औषधालाही नव्हती. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे हो, पण इथे शीत कंपनीच निवडून देते.

(गेम आवडला, पैसे वाया गेले असं म्हणत नाही. पण पहिलं मत चुकलं ते चुकलंच.)

शंकासुर
@रात्रपाळी, म्हणजे सुरुवात चांगली होती हे मत बरोबरच निघालं की! तुम्ही ते साठ तासांवर ताणलंत.

घड्याळवाला
वेळमर्यादेचं कोणीच बोलत नाहीये. जानेवारी २०१९ मधला 'रेसिडेंट इव्हिल २'चा डेमो आठवतोय? तीस मिनिटं, एकदाच. मी दारं धाडधाड उघडत पळत होतो, झॉम्बीकडे बघायलाही सवड नाही. भीती वाटली ती काट्याची. खरा गेम मात्र पावलापावलाने खेळायचा, गोळ्या मोजत. डेमोवरून मी त्याला 'धावपळीचा गेम' ठरवून मोकळा झालो होतो.

सव्वा_बारा
तुम्ही सगळे विकत घ्यायचं की नाही एवढ्यावरच अडकलात. डेमो लवकर आला तर पहिलं मत बोलून दाखवायलाच हवं. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'चा पहिला डेमो सप्टेंबर २०१७ मध्ये आला, दोनच पात्रं घेऊन, आणि मागोमाग प्रश्नावली. चाल संथ आहे, बघितलेले प्रसंग वगळता येत नाहीत अशी कुरकुर झाली. जुलै २०१८ मध्ये गेम आला तेव्हा त्यात धावताही येत होतं आणि प्रसंगही वगळता येत होते. 'थांबा, पूर्ण गेम येऊ द्या' म्हणत सगळे गप्प बसले असते तर?

जुना_कंट्रोलर
@सव्वा_बारा, हे पटलं. दहा महिने आधीचा डेमो आणि दहा दिवस आधीचा डेमो यांना मी एकाच मापाने मोजत होतो. दहा दिवसांत काय बदलणार? तिथे माझं मूळ म्हणणं कायम.

घड्याळवाला
आणि 'पी. टी.'? ऑगस्ट २०१४. एकच काटकोनी बोळ, पुन्हा पुन्हा तेच दार. एवढ्यावर माणसं घाबरून अर्धमेली झाली. तो ज्याचा डेमो होता तो 'सायलेंट हिल्स' २०१५ मध्ये रद्द झाला, डेमोही दुकानातून काढला. त्या पहिल्या मताचं आता काय करायचं?

शंकासुर
काही नाही. तो डेमो भारी होता, विषय संपला. गेम आला नाही म्हणून माझी भीती खोटी ठरत नाही.

बाकी जुना_कंट्रोलर, हा धागा कुठल्या डेमोमुळे सुचला ते सांगितलं नाहीत.

जुना_कंट्रोलर
नाव नाही सांगत, इथे लगेच दोन तट पडतील. डॉज लगेच लागतो एवढं सांगतो. गेम परीक्षणं आल्याशिवाय घेणार नाही.

सेव्ह मात्र पुसलेला नाही.