वाशीतल्या हॉटेलात पाहुण्यांची सोय केली आणि पोपट झाला, तक्रार कुठे करू?

कोपरखैरणेकर: मंडळी, बहिणीचा साखरपुडा होता, सांगलीहून मामा-मामी, आत्या वगैरे आले, आमचा पडला वन बीएचके, म्हणून वाशीत हायवेजवळच्या एका हॉटेलात ॲपवरून रूम घेतल्या, २,८०० ची एक, पैसे आधीच भरलेले. फोटोत सगळं चकाचक. चेक-इन १२ चं आणि २ वाजून गेले तरी सगळे रिसेप्शनच्या सोफ्यावर, रूम रेडी नाही म्हणे, मामीचे गुडघे दुखतायत, कोणी साधं पाणी विचारलं नाही. रूम मिळाली तर एसीचं पाणी थेट गादीवर आणि गिझर बंद. ठीके, मशीन आहे, बिघडतं. पण खाली फोन केला की "बघतो सर", तासाने परत केला की दुसराच पोरगा, त्याला काही पत्ताच नाही. शेवटी रात्री साडेअकराला मी स्वतः गेलो तर म्हणतो रूम बदलून देतो पण अपग्रेडचे १,२०० भरा!! मॅनेजर कुठेत तर सकाळी येतात. मामा मलाच समजावतायत की राहू दे रे, गादी सरकवून झोपतो आम्ही. मला खरा राग त्याचा आलाय.
आता ॲपवाले म्हणतात हॉटेलशी बोला, हॉटेल म्हणतं पैसे ॲपकडे गेलेत त्यांच्याशी बोला. वर चहा-नाश्त्याच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. काही होऊ शकतं का की सोडून देऊ?

घणसोलीचा_राजा: २,८०० मध्ये वाशीत अजून काय मिळणार भावा. डी वाय पाटील स्टेडियमला कॉन्सर्ट असला की असल्याच रूम डबल भावाने जातात आणि लोक गुपचूप राहतात

कोपरखैरणेकर: फाइव्ह स्टार कोणी मागितलंय, कोरडी गादी मागितली

नाइटशिफ्टवाला: तुर्भ्याला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होतो म्हणून सांगतो. रात्री डेस्कवर एक माणूस, वर एक रूमबॉय, बस. त्या पोराला एक रुपया सोडायचा अधिकार नसतो, पण मॅनेजरचा नंबर त्याच्याकडे असतोच असतो, "सकाळी येतात" म्हणजे साहेबांना उठवायची हिंमत नाही. ॲपच्या बुकिंगमधून कमिशन कापून जातं, त्यामुळे लिफ्टला चिकटलेल्या, एसी कुरकुरणाऱ्या रूम तुमच्या नशिबी आणि चांगल्या रूम दर महिन्याला येणाऱ्या एमआयडीसीच्या कंपनीवाल्यांना. आणि साडेअकराला रिकामी असलेली रूम त्या रात्री कोण घेणारे? ते १,२०० म्हणजे नुसतं चाचपून बघणं, भरले तर भरले. अशा वेळी डेस्कवरच्या वहीत तक्रार लिहायला लावायची, वेळ टाकून, आणि त्या पानाचा फोटो काढायचा. वहीत आलं की सकाळी मॅनेजरला उत्तर द्यावं लागतं, नुसत्या फोनला काही किंमत नाही.

सीवूड्सचे_काका: सोडू नकोस. ॲपवाले हात झटकू शकत नाहीत, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार अधिकारी ठेवावाच लागतो, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल. त्याच्या नावाने मेल टाक, चॅटवर भांडत बसू नकोस, तिथे बॉट असतो. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदव. तरी ढिम्म राहिले तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस टाक, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि केस तू राहतोस तिथे करता येते, त्यामुळे ॲपचं ऑफिस कुठेही असो. मुदत २ वर्षं. गादीचे फोटो काढलेस ना?
सर्व्हिस चार्ज जबरदस्तीने लावायचाच नाही, जुलै २०२२ ची ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची गाईडलाईन आहे आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिल बनतानाच काढा म्हणायचं, बहुतेक ठिकाणी वाद न घालता काढतात.

बेलापूरची_ताई: लग्नाला हीच मंडळी परत येणार ना? मग आधी सकाळी ११ च्या सुमारास जाऊन रूम बघून ये, तेव्हा चेकआउट होऊन साफसफाई चालू असते, दारं उघडी असतात, लॉबीत नाही कळत ते वर कळतं. आणि थेट डेस्कवर बुक कर, भाव पण कमी करतात

कोपरखैरणेकर: गादीचा व्हिडिओ आहे, मामीने काढलाय, मागून तिची कॉमेंट्री पण आहे 😅 ॲपकडून आत्ताच मेसेज आला, ५०० चं कूपन देतायत, "इश्यू रिझॉल्व्ह्ड" वर क्लिक करा म्हणतात.

सीवूड्सचे_काका: अजिबात क्लिक करू नकोस. तक्रार बंद झाली असं दाखवायला मोकळे. मला एक सांग, हॉटेलच्या बिलावर जीएसटी नंबर आहे का?

कोपरखैरणेकर: बिल कसलं, कच्ची पावती आहे, खाली पेनने "टॅक्स + सर्व्हिस" लिहून टोटल मारलीय

सीवूड्सचे_काका: मग टॅक्स कोणत्या नंबरवर घेतला? पक्कं बिल माग, मेलवरच माग, मालक स्वतः फोन करेल बघ.