मदत हवी आहे: कॅरेक्टरची स्मृती गेलेली, डीएम ऐकत नाही

निळीदौत:
शनिवारी गेमचं पहिलं सेशन आहे आणि डीएमने (म्हणजे गेम चालवणाऱ्याने) माझी बॅकस्टोरी परत पाठवली. कॅरेक्टर नदीकाठी शुद्धीवर येते, स्वतःचं नावही आठवत नाही, तिथून पुढे गोष्ट सुरू. तो म्हणतो, "हे चालणार नाही, नीट लिहून आण." त्याला पटवायला मुद्दे हवेत. उद्या रात्रीपर्यंत द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

घाटमाथा:
कुठला गेम? कुठली आवृत्ती? क्लास, लेव्हल? काहीच लिहिलं नाहीत.

काकडआरती:
बाळा, घरात कुणाला असं झालं असेल तर वाट बघत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. माझे सासरे न्हाणीघरात पडले. तेव्हा काही वाटलं नाही, पण तीनेक आठवड्यांनी मुलांची नावं विसरायला लागले. आम्ही म्हणत होतो वयाचं आहे. स्कॅन केला तर मेंदूवर रक्त साचलेलं. ऑपरेशन झालं आणि पुन्हा माणसं ओळखू लागले.

निळीदौत:
काकू, गेममधल्या पात्राबद्दल विचारतेय, घरी सगळे बरे आहेत. पण काळजीने लिहिलंत, थँक्यू.
@घाटमाथा डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स), पाचवी आवृत्ती, २०१४चं पुस्तक. क्लास रोग (Rogue, म्हणजे चोरटं पात्र), लेव्हल ३.

उनाडवारा:
माझा सल्ला, मॉडिफाय मेमरी हा स्पेल (मंत्र) घ्या. कुणा जादूगाराने आठवणी पुसल्या, विषय संपला. डीएमला काही बोलायला जागाच नाही.

घाटमाथा:
तो स्पेल नीट वाचा. गेल्या २४ तासांतली एक घटना, तीही जास्तीत जास्त १० मिनिटांची. वरच्या लेव्हलचा स्लॉट वापरून, म्हणजे जास्त ताकदीने टाकला तर जुनी घटना धरता येते, पण दहा मिनिटं ती दहाच. त्यात आख्खं आयुष्य कसं पुसणार? शिवाय रिमूव्ह कर्स या शाप उतरवणाऱ्या स्पेलने खरी आठवण परत येते. तुमच्या गटात क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारा) आहे का?

निळीदौत:
आहे.

घाटमाथा:
मग त्याला लेव्हल ५ला रिमूव्ह कर्स मिळणार. दोन लेव्हलमध्ये तुमचं रहस्य उघडं. आणि मुख्य प्रश्न: ती खरी कोण, हे डीएमला कानात सांगितलंय का?

निळीदौत:
नाही. मलाच माहीत नाही, त्यातच तर मजा आहे!

घाटमाथा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. मग तुमच्या डीएमचं बरोबर आहे. पुस्तकात बॉन्ड (पात्राचे लागेबांधे) आणि फ्लॉ (उणीव) लिहायला लावतात ते कशासाठी? डीएमला ओढायला दोरी हवी म्हणून. तुम्ही दोरीच दिली नाहीत.

उनाडवारा:
अजिबात पटलं नाही. सगळं खेळाडूनेच ठरवलं तर तिला टेबलावर धक्का कसला बसणार? कोरा कागद द्या, भरू दे डीएमला. मी स्वतः दोन वर्षं असं पात्र खेळलोय.

घाटमाथा:
तुमच्या डीएमला ते आवडत असेल. हिच्या डीएमने कागद परत पाठवलाय.

संधिप्रकाश:
कालिदासाचं बघा ना. दुष्यंत विसरतो दुर्वासाच्या शापामुळे, पण प्रेक्षकांना सगळं ठाऊक असतं. म्हणून तर कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते तेव्हा जीव वर-खाली होतो. कुणालाच काही माहीत नसतं तर त्या अंगठीला काय अर्थ राहिला असता?

उनाडवारा:
महाभारतात शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथे राजाला सगळं आठवतंय, भर दरबारात तो 'ओळखत नाही' म्हणतो. @निळीदौत तुमचं पात्रही खोटं बोलत असलं तर? रोगच आहे की.

संधिप्रकाश:
महाभारतातली शकुंतला मात्र त्याला तिथेच खडसावते. मला तीच जास्त आवडते. यावर वेगळा धागा काढू या का?

निळीदौत:
धागा नंतर काढा, आज गुरुवार संपत आला.

पांढराकोट:
नाव जातं, हात राहतात. १९५३ साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर एच. एम. या रुग्णाच्या नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. आधी गिरवल्याचं त्यांना आठवत नसे, तरी दिवसागणिक हात सुधारत गेला. हाताच्या सवयीची, कसबाची स्मृती मेंदूत वेगळीकडे असते. तुमच्या पात्राचे हात काय करतात?

काकडआरती:
हे अगदी खरं आहे हो. सासरे नावं विसरले त्या दिवसांतही अडकित्ता हातात दिला की सुपारी कातरायचे. एकसारखी, कागदासारखी पातळ. आणि पहिली चिमूट सासूबाईंसाठी बाजूला काढायचे. त्या जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

निळीदौत:
काकू, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून होते. मग अर्धं पान लिहिलं आणि डीएमला पाठवलं. तिला नाव आठवत नाही. पण दोरा मिळाला की जाळ्याची गाठ मारते, टोक दातात धरून. दोन ताटं वाढते, दुसरं कुणाचं ते सांगता येत नाही. डोक्याला मार लागलाय, शाप नाही, म्हणजे क्लेरिकचा प्रश्न मिटला. आणि दुसऱ्या ताटाचं माणूस कोण, ते डीएमने ठरवायचं, मला सांगायचं नाही.

घाटमाथा:
आता दोरी झाली. काय म्हणाला?

निळीदौत:
आत्ताच उत्तर आलं. एकच ओळ: "जाळं नदीतलं की समुद्रातलं?" समुद्रातलं म्हणून कळवलंय. शुद्धीवर मात्र ती नदीकाठीच येते.