प्रायोगिक नाटकाचा अभ्यास संहितेवर थांबतो, हे बरोबर आहे का?

रामबागकर, इंदूर
एम.ए.ला प्रायोगिक नाटक शिकवतात ते कथानक, पात्रं, संवाद, आशय एवढंच. मला हे पटत नाही. १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. ब्राह्मणांची रांग प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली की भिंत होते, वळली की तीच गाणारा-नाचणारा जमाव. जे चाललंय ते झाकणारेही तेच आणि त्याला ताल धरणारेही तेच. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि ही माणसांची भिंत बाजूला ठेवून त्या नाटकातल्या सत्तेबद्दल काय लिहिणार? जर्मन अभ्यासक हान्स-थीस लेमान यांनी १९९९ मध्येच मांडलं की नव्या रंगभूमीत संहिता हा अनेक घटकांतला एक घटक असतो.

जुना वाचक
प्रायोगिक नाटकांसाठी गाजलेल्या छबिलदास शाळेच्या हॉलमधले प्रयोग मुंबईत दादरला झाले, आपल्या राजवाड्यावर नाही. इंदूरच्या बहुतेकांपर्यंत आली ती छापील पुस्तकं. मग आम्ही गप्प बसायचं का? आणि अमेरिकन अभ्यासक पेगी फेलन तर १९९३ मध्ये म्हणून गेल्या की प्रयोग फक्त वर्तमानात जगतो, त्याची नोंद केली की ते दुसरंच काही होतं. मग अभ्यासाला हातात उरतं काय? आठवणी? संहिता निदान पडताळता तरी येते.

विंगेतून
विंगेतून नटांना ओळी सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरची प्रतही पडताळता येते! आमच्या हौशी मंडळाच्या एका जुन्या प्रतीत लाल पेन्सिलीने लिहिलंय, ‘दिवा मंद. पाच मोजून मग बोलणे.’ त्याच पानावरचं एक अख्खं स्वगत काट मारून उडवलंय. छापील पुस्तकात ते दिमाखात आहे, इंदूरच्या रंगमंचावर ते कधी बोललंच गेलं नाही. अशा प्रती माळ्यावरून रद्दीत चालल्यात, याचं फार वाईट वाटतं.

जुना वाचक
प्रतीचं मान्य. पण त्या रात्री नटाने पाच मोजले की दोन, हे पेन्सिल सांगत नाही. अमेरिकन दिग्दर्शक-अभ्यासक रिचर्ड शेक्नर वाराणसीजवळच्या रामनगरला गेले, रामलीला पाहिली, मग लिहिलं. आपल्याकडे शेक्नर वाचून न पाहिलेल्या नाटकावर प्रबंध होतात. त्यापेक्षा संहिता नीट वाचलेली बरी.

रामबागकर, इंदूर
मग जाऊ या ना! गावात हौशी मंडळांच्या तालमी चालतातच. विद्यार्थ्यांनी तिथे बसून हालचाली, प्रकाशयोजना, कापलेल्या ओळी टिपाव्यात आणि त्याला गुण मिळावेत.

जुना वाचक
चालेल. पण संहिता वाचून आलेल्यालाच तालमीत बसवा. नाहीतर कोणती ओळ कापली, हे त्याला कळणार कसं?