बदल्याच्या हल्ल्याआधी मध्ये कोण पडणार?

वागळे इस्टेटवाला: शिकागोत साथरोगतज्ज्ञ डॉ. गॅरी स्लटकिन यांनी २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क भागात एक काम सुरू केलं. त्यांचं म्हणणं, गोळीबार साथीसारखा पसरतो. आज ज्याला गोळी लागली, त्याचे मित्र उद्या झाडतात. म्हणून वस्तीतलीच माणसं पगारावर नेमली, काही तर तुरुंगात जाऊन आलेली. बदल्याची भाषा कानावर आली की त्यांनी मध्ये पडायचं. आपल्या ठाणे शहरात कोयते-चॉपर जास्त, पण चक्र तेच. जखमी पोराला रुग्णालयात टाके पडत असतात, एमएलसीची म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद होत असते आणि गेटबाहेर त्याचे दोस्त फोनाफोनी करून पोरं जमवत असतात. त्या तासाभरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नसतं. महापालिकेने कळवा रुग्णालयात असा माणूस नेमावा, असं माझं ठाम मत आहे.

कोपरीकर: म्हणजे तडीपार भाईंना आमच्या करातून पगार? आधीच बॅनरवर त्यांचे फोटो झळकतात. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या गेल्या, अटक आमदाराला झाली. वाद जमिनीचा. तिथे तुमचा माणूस काय करणार होता? शस्त्रपरवाने आवळा, गावठी कट्टे पुरवणारे पकडा. पिट्सबर्गमध्ये याच धर्तीच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला, त्यात खून कमी झालेले दिसले नाहीत.

वागळे इस्टेटवाला: पिट्सबर्गचं मान्य. आमदाराच्या पिस्तुलावर हा उपाय नाही, हेही मान्य. मी गल्लीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांबद्दल बोलतोय. कट्टेवाले जरूर पकडा, पण कोयता कुठल्याही बाजारात मिळतो.

भिवंडीचा: शिकागोला कशाला जाता? आमची भिवंडी १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. भाई नकोत, नाक्यावरचा रिक्षावाला, आशाताई, तालमीचे वस्ताद घ्या. पोरं त्यांचं ऐकतात.

कोपरीकर: आशाताईंना हरकत नाही. पण भिवंडीत पोलीस सोबत होते. रुग्णालयातल्या माणसाला कळलं की रात्री हल्ला ठरलाय, तर तो पोलिसांना सांगणार की नाही?

वागळे इस्टेटवाला: जीवावर बेतणार असेल तर सांगणार, आणि हे पोरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट करणार. जुन्या भानगडींची चौकशी मात्र त्याने करायची नाही. खबरी ठरला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलणार नाही.