आईसाठी वृद्धाश्रम बघतेय, नेमकं काय तपासू?

आई ८१ वर्षांची, पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी. ती पुण्यात, मी बंगळुरूला. दोन ठिकाणं पाहिली. बाग, देवघर सगळं हौसेनं दाखवतात. पण रात्री तिची कूस कोण बदलणार, ते कुणी नीट सांगत नाही.

उत्तर :
ताई, माझे वडील तीन वर्षं अशा ठिकाणी होते. पहिल्या ठिकाणी माकडहाडावर जखम झाली, आम्हाला महिन्यानं कळलं. अजून जीव तुटतो. म्हणून सांगतो, न कळवता रात्री आठनंतर जा. खोलीत लघवीचा वास येतो का, बेल दाबल्यावर कोण येतं, किती वेळानं? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. त्याची वही मागा. आठवडाभराच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत असतील तर ती एका बैठकीत भरलेली समजा.

उत्तर :
रात्रपाळीला मावश्या किती, तेही विचारा. आणि जेवणाच्या वेळी बसा. भरवणारी बाई घास गिळेपर्यंत थांबते का, बघा. तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७.

ताई :
शनिवारी येतेय. आधी वहीच मागते.