मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची मोटर हवेत मध्येच बंद पडतेय, बॅटरी बदलू की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट)?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. मी आणि माझी मुलगी, नववीत आहे, दोघांनी मिळून इलेक्ट्रिक आरसी विमान बांधलंय, हाय विंग ट्रेनर, पंख १२० सेंमी, बॉडी सगळी सनपॅक शीटची, बोर्डासाठी वापरतात ना तीच. कटिंग सगळं तिचं, पुशरॉडसुद्धा तिनंच वाकवून बसवलेत, आणि उडतंय इतकं सरळ की बघत राहावं.

सेटअप असा: २२१२ मोटर १००० केव्ही, प्रॉप (पुढचा पंखा) १० बाय ४.५, ईएससी ३० अँपिअरचा, बॅटरी ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच लायपो, चार ९ ग्रॅमचे सर्व्हो (वळवायच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटर), रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६. वजन बॅटरीसकट ९०० ग्रॅमच्या आसपास. पंखाची रुंदी २० सेंमी, सीजी (विमानाचा तोलाचा बिंदू) पुढच्या कडेपासून साडेपाच सेंमीवर, तिथे काही अडचण नाही.

अडचण अशी की पहिली दोन-तीन मिनिटं मस्त जातात आणि मग चढताना फुल थ्रॉटल (मोटरला पूर्ण जोर) दिला की मोटर एकदम बंद. थ्रॉटल पूर्ण खाली घेऊन परत थोडा दिला की लगेच चालू होते, जोर दिला की परत बंद. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर (पंख-शेपटीवरच्या वळवायच्या फळ्या) मात्र चालू असतात त्यामुळे ग्लाइड करत उतरवता येतं, पण गेल्या वेळी उंची कमी होती आणि ते थेट शेजारच्या द्राक्षबागेत गेलं. बागवाले काका भले माणूस, स्वतः तारांमधून सोडवून दिलं त्यांनी, पण आत्ता खरड छाटणीनंतरची कोवळी फूट आहे, पुढचे घड त्याच काड्यांवर येणार, तिथे आपलं विमान पडणं बरोबर नाही. म्हणून हे सुटेपर्यंत उडवणं थांबवलंय.

उतरल्यावर सेल चेकर लावला तर दोन सेल ३.७८ आणि तिसरा ३.५२. बॅटरी सेकंडहँड घेतलेली, मधे जराशी फुगलीय. ईएससी बॉडीच्या आत आहे, हात लावला तर बऱ्यापैकी गरम, पण मे महिन्याचं ऊनही आहे. नक्की कोण दोषी? आणि जूनला पाऊस लागला की चार महिने उडवणं बंद, तेव्हा बॅटरी कशी ठेवायची?

प्रतिसाद

दादा, बॅटरीच वाटतेय. ईएससी तापून बंद झाला असता तर थंड व्हायला वेळ लागला असता, थ्रॉटल खालीवर केल्यावर लगेच चालू झाला नसता. सर्व्हो चालू राहतायत म्हणजे बीईसी (ईएससीमधला सर्व्होंना वीज देणारा भाग) पण ठीक. हा लो व्होल्टेज कटऑफ आहे, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं की ईएससी मोटर बंद करतो. ईएससी एकेक सेल बघत नाही, एकूण व्होल्टेज बघतो, त्यामुळे एक सेल लोडवर खूप खाली बसला की बाकी दोन चांगले असूनही मोटर तोडतो. उतरल्यावरचे आकडे फसवे असतात, लोड गेला की सेल परत वर येतो. खात्री करायची तर विमान घट्ट बांधा, प्रॉपच्या समोर किंवा बाजूला कुणी नको, मुलीलाही मागेच उभी करा, बॅलन्स प्लगला (बॅटरीचा प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो तो छोटा प्लग) चेकर लावून १५-२० सेकंद फुल थ्रॉटल. तिसरा सेल एकटाच कोसळला की उत्तर मिळालं.

मोटर आणि प्रॉपची जोडी बरोबर आहे, ३० चा ईएससी पुरतो. फक्त बॉडीला पुढे हवा आत यायला भोक पाडा आणि मागे बाहेर जायला त्याहून मोठं, नाहीतर गरम हवा आतच फिरते.

प्रतिसाद

पावसाळ्यासाठी: चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतो, प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ ला ठेवायचा. ४.२ ला फुल भरून महिनोन्‌महिने ठेवली की चांगली बॅटरीसुद्धा फुगते. चार्ज १सी नेच, म्हणजे तुमच्या २२०० ला २.२ अँपिअर, आणि समोर बसून. फुगलेली आता चार्ज करूच नका, ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकायची नाही. आणि जागा ठरवताना डिजिटल स्कायचा (डीजीसीएचं ड्रोनसाठीचं संकेतस्थळ) नकाशा बघा, ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग असल्यामुळे आपल्याकडे मोकळं रान दिसलं म्हणजे चालतंच असं नाही.

धागाकर्ता

खूप खूप आभार दोघांचेही. सांगितल्याप्रमाणे केलं, तिसरा सेल २.६ ला आला आणि बाकीचे दोन ३.५ च्या वरच राहिले. लेकीनं आकडे वहीत उतरवून घेतलेत. नवीन घेणार आहोत, २६०० ची घेतली तर वजन वाढून नाक जड होईल ना?

प्रतिसाद

होईल थोडं, बॅटरी मागे सरकवून सीजी परत साडेपाचलाच आणा. मागे जागा नसेल तर २२०० च घ्या.